टपालवाला, संपादक आणि तिसरा खण

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे : "इंटरनेटनं समाज, कायदा आणि राजकारण खरंच बदललं, की जुनीच भांडणं नव्या मैदानात चालली आहेत? कायदा दर वेळी मागेच का पडतो? आणि अशा प्रकरणात माणसानं कोर्टात जावं की कंपनीकडे तक्रार करावी?"

मी बावीस वर्षं वकिली करतोय. त्यातली निम्मी तरी खोटी प्रोफाइलं, अब्रुनुकसानी, बंद केलेली खाती आणि बंद न केलेले व्हिडिओ यांतच गेली. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटीच देतो, पण आधीच्या दोन प्रश्नांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

भांडणं जुनीच आहेत. चहाडी, शिवीगाळ, अफवा, फसवणूक, निवडणुकीतला चोरटा प्रचार, यातलं काहीही इंटरनेटनं शोधून काढलेलं नाही. बदलली ती निवाड्याची जागा. पूर्वी वाद कोर्टात जायचा, तारखा पडायच्या, दोन्ही बाजू उभ्या राहायच्या आणि शेवटी कारणांसकट निकाल यायचा. आज बहुतेक वाद कंपनीच्या टेबलावर मिटतात, काही तासांत, समोरच्याला न विचारता. कायदा मागे पडला हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. हे काम कायद्यानं स्वतःच्या सहीनं दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि ते कधी दिलं याची तारीखही सांगता येते.

छापील जगात कायद्याकडे ढोबळमानानं दोन खण होते. एकात टपालवाला. पाकिटात काय लिहिलंय ते त्याला माहीत नसतं, म्हणून तो जबाबदारही नसतो. दुसऱ्यात संपादक. तो मजकूर वाचतो, निवडतो, छापतो, म्हणून लेखकासोबत तोही आरोपी. पुस्तकविक्रेता आणि ग्रंथालय या दोघांच्या मध्ये कुठंतरी, माहीत असेल तरच जबाबदार. शे-दीडशे वर्षं एवढ्यावर भागलं.

मग १९९१ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर एका बातमीपत्रातल्या मजकुरावरून झालेल्या दाव्याचा निकाल लागला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं सांगितलं, ही कंपनी ग्रंथालयासारखी आहे, आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, सुटली. चारच वर्षांनी, १९९५ मध्ये, प्रॉडिजी या दुसऱ्या सेवेवरच्या दाव्याचा निकाल आला. तिच्या चर्चाफलकावर एका निनावी माणसानं स्ट्रॅटन ओकमॉन्ट ही शेअर दलाली कंपनी फसवी असल्याचं लिहिलं होतं. प्रॉडिजीची जाहिरातच अशी होती की आमच्याकडे कुटुंबानं बसून वाचावं असं वातावरण आहे. ती घाणेरडे शब्द गाळायची, फलकांवर देखरेख ठेवायची. राज्याच्या न्यायालयानं म्हटलं, तुम्ही काटछाट करता म्हणजे तुम्ही संपादक, तेव्हा जबाबदारीही तुमची.

म्हणजे जो अंगण झाडतो तो दोषी आणि जो कचरा साचू देतो तो निर्दोष. (त्या निनावी माणसाचं म्हणणं फारसं खोटं नव्हतं. स्ट्रॅटन ओकमॉन्टच्या संस्थापकानं पुढे १९९९ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. अब्रुनुकसानीच्या दाव्यांत असं पुष्कळदा होतं, पण तो वेगळा विषय.)

या विचित्र अवस्थेतून वाट काढण्यासाठी अमेरिकेनं १९९६ मध्ये 'कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्ट' या कायद्यात कलम २३० आणलं. विद्यार्थी त्याचा पहिला भाग पाठ करतात : दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची सेवा देणारा प्रकाशक मानला जाणार नाही. महत्त्वाचा आहे तो दुसरा भाग. सद्‌हेतूनं मजकूर काढला, तरी त्यामुळे तो जबाबदार ठरणार नाही. हा कायद्यातला तिसरा खण. झाडू मारा, संपादक ठरणार नाही; झाडू मारू नका, तरी संपादक ठरणार नाही. ठेवायचं की काढायचं, तुमची मर्जी. मी वर ज्या सहीबद्दल बोललो ती हीच. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. त्याच कायद्यातली इंटरनेटवरच्या असभ्य मजकुराविषयीची कलमं पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. २३० मात्र उरलं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्यातलं कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर वाहून नेणाऱ्या किंवा ठेवणाऱ्या कंपनीला, संरक्षण देत होतं, पण हात राखून. ते किती तोकडं होतं ते बाझी डॉट कॉमच्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २००४ मध्ये या लिलावाच्या संकेतस्थळावर कुणीतरी एक आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली. शनिवारी रात्री तक्रारीची मेल गेली आणि सोमवारी सकाळी ती नोंद हटवली गेली. मधला रविवार कंपनीला महागात पडला. डिसेंबरात तिच्या प्रमुखाला अटक झाली. त्यानं ती चित्रफीत बनवली नव्हती, पाहिली नव्हती, विकली नव्हती. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर संपला : कंपनीला आरोपीच केलेलं नव्हतं, मग नुसत्या संचालकावर खटला कसा? पण कायदेमंडळानं धडा आधीच घेतला होता. २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ नव्यानं लिहिलं गेलं आणि मध्यस्थाला बरंच मोकळं केलं गेलं.

त्याच दुरुस्तीतून कलम ६६अ आलं. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' संदेश पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. कुणाला त्रासदायक, किती त्रासदायक, काही व्याख्या नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीनं बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीनं त्या पसंत केल्या. दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ६६अ पूर्ण रद्द केलं. वर्तमानपत्रांचे मथळे तेवढ्यावरच झाले. आमच्या दृष्टीनं त्या निकालातला तितकाच मोठा भाग कलम ७९ बद्दलचा होता. मजकूर बेकायदा आहे हे कंपनीला 'माहीत झालं' असं केव्हा म्हणायचं? न्यायालय म्हणालं, कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना हाती पडल्यावर. कुणाही सोम्यागोम्याच्या ईमेलवर नाही. दिवसाला लाखो तक्रारी येणाऱ्या कंपनीनं प्रत्येक तक्रार खरी की खोटी याचा न्यायनिवाडा करत बसावं ही अपेक्षाच चुकीची, असा त्यामागचा विचार.

कागदावर हे उत्तम आहे. व्यवहारात काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, कारण अधूनमधून मी अशा कंपन्यांनाही सल्ला दिला आहे. कंपनीचा वकील एक साधा हिशेब मांडतो. मजकूर ठेवला आणि उद्या तो बेकायदा ठरला, तर संरक्षण जाईल, पोलीस येतील, अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. मजकूर काढला आणि उद्या तो कायदेशीर ठरला, तर काय होईल? काहीच नाही. लिहिणारा चार दिवस चिडेल आणि विसरेल. त्याच्या दोन ओळींसाठी हायकोर्टात याचिका करणारा हजारांत एखादा. एका पारड्यात तुरुंग, दुसऱ्यात कुणाची तरी नाराजी. अशा तराजूवर कुठलाही शहाणा वकील 'काढून टाका' हेच सांगेल. मीही सांगितलंय.

शिवाय मुदत. २०२१ चे मध्यस्थांविषयीचे नियम आले तेव्हा कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश पाळायला छत्तीस तास दिले होते, आणि एखाद्याची खासगी अवस्थेतली छायाचित्रं कुणी टाकली असतील तर त्या व्यक्तीच्या तक्रारीनंतर चोवीस तास. दुसऱ्या मुदतीबद्दल माझी तक्रार नाही. तिथं चोवीस तासही जास्त वाटायचे, समोर बसलेली बाई प्रत्येक तास मोजत असते. पण राजकीय टीका, विडंबन, बातमी यांनाही घड्याळ लावलं की वाचून विचार करायला माणूस उरत नाही, आणि काम यंत्रावर जातं. यंत्राला उपरोध कळत नाही. आपल्या नेत्याची थट्टा करणारी पोस्ट आणि त्याला खरोखर धमकी देणारी पोस्ट यांत शब्द पुष्कळदा तेच असतात.

याच नियमांत २०२३ मध्ये एक भर घातली गेली होती : केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे ते सरकारनंच नेमलेला सत्यशोधन कक्ष ठरवेल. कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. सरकारनं थेट मजकूर काढायची सक्ती कुठंच लिहिली नव्हती हे इथं ध्यानात घ्या. फक्त एवढंच होतं की कक्षानं शिक्का मारलेला मजकूर ठेवला तर कंपनीचं संरक्षण धोक्यात. वरच्या तराजूचा हिशेब सरकारलाही चांगला येतो.

आता जागेबद्दल. कायद्याला हद्द लागते आणि इंटरनेटला ती नाही, हे वाक्य प्रत्येक परिसंवादात ऐकायला मिळतं. १९९६ मध्ये, २३० वर सही झाली त्याच दिवशी, इंटरनेटच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी दावोसहून जगभरच्या सरकारांना ठणकावलं होतं की या नव्या प्रदेशावर तुमचं राज्य चालत नाही. पुढची चार वर्षं सगळ्यांना ते खरं वाटलं. मग पॅरिसमध्ये याहू कंपनीवर खटला झाला. तिच्या अमेरिकी लिलावस्थळावर नाझी चिन्हं असलेल्या वस्तू विकल्या जात होत्या, आणि अशा वस्तू विक्रीला मांडणं हा फ्रान्समध्ये गुन्हा. याहूचं म्हणणं सरळ होतं : आमचं संकेतस्थळ अमेरिकेत आहे, आणि पाहणारा कुठून पाहतोय ते कळायची सोय नाही.

न्यायाधीशांनी ते ऐकून घेतलं आणि सरळ तज्ज्ञ बसवले. त्यात खुद्द इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ होते. तज्ज्ञांचं उत्तर आलं की फ्रान्समधल्या सुमारे सत्तर टक्के वापरकर्त्यांचा देश त्यांच्या आयपी पत्त्यावरून ओळखता येईल, आणि उरलेल्यांना 'तुम्ही कुठल्या देशात आहात' असं विचारलं तर हा आकडा नव्वदच्या आसपास जाईल. नोव्हेंबर २००० मध्ये आदेश झाला : तीन महिन्यांत अडवा, नाहीतर दिवसाला एक लाख फ्रँक दंड. अमेरिकी न्यायालयात याहूनं अनेक वर्षं झुंज दिली, पण त्या वस्तू जानेवारी २००१ मध्येच लिलावातून काढून टाकल्या. 'हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही' ही पाटी तुम्ही आज पाहता, तिची वंशावळ त्या सत्तर टक्क्यांपर्यंत जाते. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं गटनिक प्रकरणात सांगितलं की अब्रूचं नुकसान मजकूर जिथं वाचला जातो तिथं होतं, सर्व्हर कुठंही असो. हद्द गेली नाही. उलट प्रत्येक देशाची हद्द प्रत्येक पडद्यापर्यंत आली.

विसरण्याचंही तसंच. एका स्पॅनिश गृहस्थाच्या घराच्या जप्ती-लिलावाची नोटीस १९९८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. कर्ज फिटलं, वर्षं गेली, पण नाव शोधलं की तीच नोटीस वर यायची. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयानं ठरवलं की बातमी वर्तमानपत्राच्या संग्रहात राहू शकते, पण नावाच्या शोधातून गूगलनं तिचा दुवा वगळला पाहिजे. निकाल लोकांच्या बाजूनं आहे यात शंका नाही. पण एखादा दुवा लोकहिताचा की कालबाह्य, हे आता आधी कोण ठरवतं? गूगल. न्यायालयानं त्या कंपनीवर बंधन घातलं आणि जाता जाता न्यायाधीशाची खुर्चीही दिली, असं मी माझ्या कनिष्ठांना सांगतो.

समाजावर झालेल्या परिणामाबद्दल बोलताना लोक एकदम मोबाईलचं व्यसन, तुटलेली नाती यांकडे वळतात. त्यावर मला अधिकार नाही. मी एकच घटना सांगतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेकरी भटक्या जमातीची माणसं होती, आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश आधी काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. अफवा पसरवणं, जमाव जमवणं, खून, या सगळ्याला दंडविधानात दीडशे वर्षांपासून कलमं आहेत. त्यांचा उपयोग नंतर होतो, मेल्यावर. सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींबद्दल जिल्ह्याजिल्ह्यात अधिकारी नेमण्यापासून सविस्तर निर्देश दिले.

आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतापुरता एक बदल केला : एक संदेश एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. पुढच्या जानेवारीत तो नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशाला तर एका वेळी एकच ठिकाण उरलं. या नियमावर कुठल्याही सभागृहात चर्चा झाली नाही, तो राजपत्रात आला नाही, त्याला हरकती मागवल्या नाहीत, आणि त्याचा भंग करणारा कुणी नाही, कारण भंग करताच येत नाही. सहावं नाव निवडायला गेलात तर निवडलंच जात नाही.

याच्या शेजारी ६६अ ठेवून पाहा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलेलं ते कलम त्यानंतरही पोलीस ठाण्यांत लागत राहिलं. २०२१ मध्ये हे न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायमूर्तींनाच धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. साडेसात वर्षं. मी स्वतः तोपर्यंत दोन फिर्यादींत ते कलम पाहिलं होतं. ठाण्यातल्या संगणकावर कलमांच्या यादीत ते होतं, म्हणून टाइपणाऱ्यानं निवडलं. यादीतून गाळलं असतं तर त्याला ते निवडताच आलं नसतं. नियम कायद्याच्या पुस्तकात असणं आणि नियम यंत्रात असणं यांतला फरक मला त्या दिवशी जितका कळला तितका कुठल्याही लेखातून कळला नव्हता.

राजकारणाकडे येऊ. फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणाऱ्या कंपनीचं, म्हणजे केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं. ती माहिती ज्यातून गोळा झाली ते व्यक्तिमत्त्व चाचणीचं अ‍ॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं होतं, आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच की ते घेणाऱ्यांच्या मित्रयादीत होते. संमती हा शब्द कायद्यात किती पोकळ झालाय ते या दोन आकड्यांत दिसतं. त्या माहितीनं निवडणूक फिरली का? मी त्यावर पैज लावणार नाही. मला चिंता वेगळ्या गोष्टीची आहे. भर चौकातल्या सभेत उमेदवार काय बोलला ते विरोधकही ऐकतो, उत्तर देतो, आयोगाकडे तक्रार करतो. एकेकट्याच्या पडद्यावर दाखवलेली जाहिरात फक्त त्यालाच दिसते. जे कुणी ऐकलंच नाही त्याला खोडून कसं काढणार?

निवडणुकीचे आपले नियम चौकासाठीच बनले आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत प्रचार थांबवतं. भोंगे बंद होतात. पण आधीच टाकलेल्या व्हिडिओचं काय? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी कंपन्यांनी आयोगाला एक ऐच्छिक आचारसंहिता लिहून दिली, त्यात या काळातल्या उल्लंघनावर आयोगाकडून कळल्यापासून तीन तासांत कारवाईचं आश्वासन होतं. ऐच्छिक हा शब्द पुन्हा वाचा. देशाची निवडणूक शांततेत पार पाडायला घटनेनं नेमलेला आयोग आणि परदेशी कंपनी यांच्यातलं नातं शब्द देण्याघेण्याचं होतं.

रुमानियात याच्याही पुढं गेलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, २४ नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या फेरीत, कॅलिन जॉर्जेस्कू हे फारसे कुणाच्या खिजगणतीत नसलेले उमेदवार पहिले आले. त्यांनी प्रचारखर्च शून्य दाखवला होता आणि टिकटॉकवर मात्र सगळीकडे तेच होते. ६ डिसेंबरला, दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी, तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सगळी निवडणूकच रद्द केली. परदेशातल्या नागरिकांचं मतदान तोवर सुरूही झालं होतं. मला हा निकाल आजही पचलेला नाही. निकालपत्र वाचताना पाठीशी गुप्तचर अहवाल आहेत हे कळतं, पण मतपेटीत घोटाळा झाला असं कुणी म्हणत नव्हतं. मतदाराच्या डोळ्यासमोर काय आणलं गेलं यावरून मत बाद करायचं तर रेषा कुठं आखणार? आणि नाही करायचं, तर शून्य खर्चाची ती शपथ गिळायची का? माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे चटकन असतं त्यांनी दुसरी बाजू वाचलेली नसते.

नेपाळमध्ये उलटं घडलं. नोंदणी केली नाही म्हणून सरकारनं सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला सव्वीस समाजमाध्यमं बंद केली. कायद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मागणी अवाजवी नव्हती, नोंदणी करा एवढीच होती. पण आधीच भ्रष्टाचारावर धुमसणारी तरुण पिढी ८ तारखेला रस्त्यावर आली, गोळीबारात माणसं मेली, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. हंगामी पंतप्रधान म्हणून कुणाचं नाव पुढं करायचं याची चर्चा आणि मतचाचणी आंदोलकांनी डिस्कॉर्डवर घेतली, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी शपथ घेतली. गेमर मंडळींच्या गप्पांसाठी निघालेल्या अ‍ॅपवरून पंतप्रधानपदाचं नाव येतं, तेव्हा घटनेच्या कुठल्या कलमात ते बसवायचं हे परीक्षेत कुणी विचारलं तर मी तरी जागा सोडून देईन.

इंटरनेट बंद करणं हा सरकारांचा आवडता उपाय, त्याबद्दल एवढंच : अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे. आदेश हातात असेल तरच त्याला आव्हान देता येतं. अजूनही तो मागून मिळवायलाच पहिले काही दिवस जातात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोर्ट की कंपनी. दोन्ही. पण क्रम चुकवू नका, आणि तो जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या नावानं खोटं खातं, त्यावर त्यांचं बदललेलं छायाचित्र आणि गलिच्छ मजकूर. घरच्यांनी, सहकाऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून सपाटून तक्रारी केल्या आणि दोन दिवसांत खातं गेलं. सगळ्यांना हायसं वाटलं. माझ्यासमोर आल्या तेव्हा हातात होता एक स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांकडे फिरून आलेला, वरची पत्त्याची पट्टी कापलेली. खातं कुणी चालवलं ते आता कुठून काढायचं? कंपनीकडे मागितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, खात्याचा दुवा द्या. दुवा कुणीच जपून ठेवला नव्हता.

म्हणून आधी पुरावा, मग तक्रार. खातं उघडून पूर्ण दुवा लिहून घ्या. नाव नको, नाव बदलता येतं, दुवाच हवा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि शक्य तर दुवा टाइप करून पान उघडण्यापासूनचं पडद्याचं चित्रण करा. ज्या फोनवर हे घेतलं तो फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. जुने वकील अजून त्याला 'पासष्ट-बी' म्हणतात. जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा : आत एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. या कागदाला क्षुल्लक समजू नका. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक २९६ मतांनी ठरली होती. अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला की आधी, या वादात निवडणूक कार्यालयातलं चित्रण पुढं आलं आणि प्रकरण या प्रमाणपत्रावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, १४ जुलै २०२०. प्रमाणपत्र आवश्यकच, पण मागूनही ते मिळत नसेल तर न्यायाधीशानं ते मागवून घ्यावं, असं तिथं ठरलं. तुमच्या अभ्यासक्रमात नसेल तरी वाचा.

हे हाती आलं की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोचक्रमांक जपा, आणि त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे द्या. करणारा माहीत नसेल तर दिवाणी कोर्टात 'अशोक कुमार' नावाच्या काल्पनिक प्रतिवादीविरुद्धही मनाई हुकूम मागता येतो. इंग्रजांच्या जॉन डोला आपल्या कोर्टांनी दिलेलं हे देशी नाव. २०२१ च्या नियमांप्रमाणे काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीनं १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. त्या शिक्षिकांच्या बाबतीत आम्हाला तेवढाच धागा होता. एका माजी विद्यार्थिनीच्या फोनच्या ब्राउझर इतिहासात दुवा सापडला, तोवर एकशे बेचाळीस दिवस उलटले होते.